ताशा वाजवून कानात शिट्टी: पथकासाठी कोणते इअरप्लग घ्यावेत आणि कसे वापरावेत?

ताशा_पंचवटी
नमस्कार मंडळी. पंचवटीत आमचं ढोल-ताशा पथक आहे. ५० ढोल, १४ ताशे, ४ टोल, झांजा वेगळ्या. पावसामुळे सराव पत्र्याच्या शेडमध्ये चालतो, रोज अडीच तास. ताशाच्या रांगेतल्या तिघांना सराव संपल्यावर कानात बारीक शिट्टी ऐकू येते. दोघांची सकाळपर्यंत जाते, एकाची हल्ली जात नाही. सगळे कापसाचे बोळे घालतात. इअरप्लग घ्यायचे तर फोमचे की वादकांसाठी मिळतात ते? पाकिटावर २९, ३३ असे आकडे असतात, ते खरे धरायचे का? आणि शेडमध्ये आवाज कमी करायला काही करता येतं का?

ध्वनी_सातपूर
कापूस आजच बंद करा. कोरडा कापूस फार तर ५-७ डेसिबल अडवतो, तेही वरच्या पट्टीतले. कान झाकल्याचं समाधान मात्र पूर्ण मिळतं, म्हणून तो जास्त घातक.

वेळेचा हिशोब असा आहे. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही कानासाठी सावध मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, १०० ला १५ मिनिटं. आपल्याकडे कारखान्यांत ८ तासांना ९० धरतात आणि सातपूर-अंबडच्या लोकांच्या तोंडी तोच आकडा असतो, पण पथकाने ८५ च धरावं. समजा ताशावादकाच्या कानाशी सरासरी १०६ भरली. मग उघड्या कानाला पावणेचार मिनिटांची मुभा, आणि सराव १५० मिनिटांचा.

मोजायचं असेल तर साधा ध्वनिमापक आणा, ‘ए’ वेटिंगवर (कानाला ऐकू येतं तसं मोजणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि वादकाच्या कानापासून वीतभर अंतरावर धरून एका पूर्ण आवर्तनाची सरासरी घ्या. आयफोन असेल तर अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचं मोफत ॲप बऱ्यापैकी जवळचं उत्तर देतं. अँड्रॉइडमध्ये फोनागणिक फरक पडतो. शिवाय फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. ताशाचा कडकडाट त्याच्या आवाक्याबाहेर गेला की तो कापला जातो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. फोनने ९८ दाखवलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

शेडचं म्हणाल तर मोकळ्या मैदानात एका ताशापासून अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल उतरतात. पत्र्याखाली तेवढे उतरत नाहीत, कारण छतावरून आणि भिंतींवरून आवाज परत येतो. ताडपत्री लावून काही होत नाही, ती शोषत नाही. जाड, सच्छिद्र वस्तू लागते: जुन्या गाद्या, गोधड्या किंवा कापडात शिवलेली ग्लासवूल, निदान ५० मिलिमीटर जाडीची, ताशाच्या रांगेमागे आणि डोक्यावर टांगलेली. याने ताशाची धार कमी होईल, ढोलाचा घुमारा होणार नाही. तसंही कानाला जास्त इजा ताशाच करतो.

रचनाही बदला. ताशे रिंगणात तोंडाला तोंड लावून उभे असले की प्रत्येकाच्या कानाशी शेजाऱ्याचा ताशा येतो. अर्धवर्तुळ करा, दोघांत दीड-दोन मीटर सोडा. नवीन मुलांनी हात बसवायला रबरी चकतीवर वाजवावं, नाहीतर ताशाच्या पानावर सुती रुमाल ताणून बांधावा. अडीच तासांतला पहिला तास सगळ्यांचाच असा गेला तर कानावरचा भार तेवढ्या वेळापुरता जवळपास नाहीसा होतो. इतका स्वस्त दुसरा उपाय नाही.

कर्णतपासणी_गंगापूररोड
आधी पाकिटावरच्या आकड्याबद्दल. प्लग किती डेसिबल अडवतो ते तो सांगतो, पण तो प्रयोगशाळेत, दुसऱ्याने नीट बसवून दिलेल्या प्लगचा असतो. फोमच्या प्लगसाठी तो निम्मा धरायची पद्धत आहे. म्हणजे २९ चा प्लग साधारण १४-१५ देईल, नीट बसवला तर त्याहून बराच जास्त. वरच्या उदाहरणात १०६ मधून १५ गेले की ९१ उरतात, म्हणजे २ तास. २० गेले तर ८६, म्हणजे सहा तासांच्या वर. तोच प्लग, फरक फक्त बसवण्याचा.

बसवायचा असा. हात स्वच्छ हवेत. प्लग बोटांत गोल फिरवून बारीक, घडी न पडलेली वात करा. घडी पडली की त्या जागेतून आवाज आत शिरतो. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यामागून घेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे वाकडी नळी सरळ होते. उजव्या हाताने वात आत सरकवा आणि बोट टेकवून २०-३० सेकंद थांबा. इथेच सगळे घाई करतात. प्लग आत फुगायच्या आधी बोट काढलं की तो बाहेर सरकतो.

तपासायला सोपं आहे. समोरून आरशात पाहिल्यावर प्लगचं टोक बाहेर डोकावता कामा नये. ताशे चालू असताना दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. आवाजात मोठा फरक जाणवला तर प्लग गळतोय, पुन्हा बसवा. काढताना हळूहळू पिळत काढा. हिसका दिला तर पोकळी होऊन पडद्यावर ताण येतो.

सगळ्यात मोठी चूक मात्र मधेमधे काढण्याची. १५० मिनिटांतली १५ मिनिटं प्लग कानाबाहेर राहिला आणि त्या वेळी ताशे चालू असले, तर २० डेसिबलच्या प्लगचा एकूण फायदा १० च्याही खाली येतो. ३० चा असता तरी जेमतेम १० च. निम्मा वेळ काढला तर फक्त ३. बोलायचं असेल तर वादन थांबवा, नाहीतर शेडबाहेर जा. कमी ताकदीचा पण शेवटपर्यंत कानात राहिलेला प्लग मी केव्हाही जास्त मानते.

ताशा_पंचवटी
ताई, खूप आभार. अडचण अशी की फोम घातला की ताशा बोथट वाटतो, ढोल डोक्यात घुमतो आणि ताशाप्रमुखाचं बोलणं कळत नाही. म्हणूनच मुलं काढतात.

कर्णतपासणी_गंगापूररोड
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोम वरच्या पट्ट्या जास्त कापतो आणि खालच्या कमी, म्हणून ताशाची कडक बोथट होते आणि ढोल तसाच राहतो. घुमण्याचं कारण बहुतेक वेळा अर्धवट घातलेला प्लग. हाडांतून आलेला खालचा आवाज, स्वतःचा आवाज धरून, नळीच्या मोकळ्या भागात अडकतो. प्लग खोल गेला की ती जागा कमी होते आणि घुमणं उतरतं. लोक नेमकं उलट करतात, घुमतं म्हणून बाहेर ओढतात.

सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या उतरवणारे प्लग वादकांसाठी मिळतात. तयार मापाचे, तीन कडांचे आणि देठ असलेले, उदाहरणार्थ एटिमोटिकचे ईआर२०एक्सएस. त्याच्या पाकिटावर १३ लिहिलेलं असतं म्हणून लोक नाक मुरडतात, पण नीट बसवला तर तो २० च्या आसपास देतो. त्यापुढे कानाच्या ठशावरून बनवलेले सिलिकॉनचे, ज्यांत ९, १५ किंवा २५ डेसिबलचा फिल्टर बदलता येतो. पथकात ताशा आणि टोलवाल्यांना २५ चा द्या, ढोलवाल्यांना १५ पुरतो. ठसा घेताना आधी पडदा तपासून घ्यायला लावा आणि तोंड उघडं ठेवून ठसा द्या. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो, आणि आपल्याकडे वादक मोरयाचा गजर करतच असतो. खर्च काही हजारांत जातो, म्हणून आधी ताशाप्रमुख आणि रोज वाजवणाऱ्यांसाठीच विचार करा. बाकीच्यांना फोम पुरेसा आहे, १०-२० रुपयांना जोडी मिळते. औद्योगिक वसाहतीतल्या सेफ्टीच्या दुकानांत २०० जोड्यांचा खोका घेतला तर आणखी स्वस्त पडतो.

कडकडाट
ताशाच्या बाजूने सांगतो. प्लगची सवय हंगामाच्या पहिल्या दिवसापासून लावा. विसर्जनाच्या सकाळी पहिल्यांदा घातला तर हात जड पडतो. स्वतःचा ताशा कमी ऐकू येतो म्हणून माणूस जोरात मारतो, मनगट भरून येतं आणि रांगेचा आवाज उलट वाढतो. सुरुवातीचे आठ-दहा दिवस फक्त मधल्या जोरावर, काडीची उंची ठरवून वाजवा.

इशारे डोळ्यांवर आणा. ठेका बदलायला एक हात वर, थांबायला दोन्ही काड्यांची फुली, पुढच्या आवर्तनाला बोटांनी आकडा. शिट्टी प्लगमधूनही कळते, कारण प्लगने शिट्टी आणि ताशा दोन्ही सारखेच उतरतात. बोलण्याबाबत एक लक्षात ठेवा: प्लग घातलेला माणूस स्वतःचा आवाज मोठा वाटून हळू बोलतो. ताशाप्रमुखाला मुद्दाम जोर लावून बोलायला सांगा.

मिरवणुकीसाठी देठवाले प्लगच बरे. हातावर गुलाल असतो आणि फोमची वात करताना तो फोममध्ये मुरून थेट कानात जातो. देठाला धरून घातलं तर आतल्या भागाला बोट लागत नाही. रात्री कोमट पाण्याने आणि साबणाने धुवा, पूर्ण वाळवून डबीत ठेवा. फिल्टरवाले असतील तर फिल्टर काढून मगच धुवा. फोम घामाने कडक झाला किंवा दाबल्यावर पुन्हा फुगेना की टाकून द्या. प्रत्येकाच्या कमरेला एक जादा जोडी हवीच, कारण गजर करताना फोम सैल होतो आणि गर्दीत पडला की सापडत नाही.

आणखी एक. विसर्जन मिरवणुकीत वाकडी बारवेपासून निघालं की मेनरोडला रांग अडकते. पुढे एक पथक, मागे एक, दोन्ही बाजूंना इमारती. आपलं वादन थांबलं म्हणून मुलं प्लग काढतात आणि मागचं पथक दहा फुटांवर वाजवत असतं. पाणी प्यायचं तर बोळात जाऊन प्या, तिथे काढा, घालूनच परत या.

ताशा_पंचवटी
दादा, हे सगळं छापून शेडमध्ये लावतो. आता ज्याची शिट्टी जात नाही त्याचं काय करू? घरचे लसूण घालून कढवलेलं तेल सोडताहेत.

कर्णतपासणी_गंगापूररोड
तेल थांबवा. इजा आतल्या कानाच्या शंखातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींना आणि मज्जातंतूच्या जोडांना असते, तेल पडद्यापलीकडे जातच नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र मधल्या कानात उतरून संसर्ग होतो.

सरावानंतर काही तास शिट्टी वाजणं आणि कान दडल्यासारखे वाटणं म्हणजे त्या दिवशी मर्यादा ओलांडली गेली. ते बहुधा एक-दोन दिवसांत उतरतं, पण उतरलं म्हणजे सगळं भरून आलं असं मानू नका. २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे गेलेले होते. ज्या दोघांची शिट्टी सकाळी जाते त्यांनाही आजपासूनच प्लग द्या.

ज्याची जात नाही त्याला पथकापासून दूर ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा. जाण्याआधी निदान १४-१६ तास मोठा आवाज नको, नाहीतर तात्पुरता बधिरपणा मोजला जाईल. ३००० आणि ६००० हर्ट्झच्या पट्ट्याही तपासा असं आवर्जून सांगा, बऱ्याच ठिकाणी ते वगळतात. आवाजाने झालेली इजा आलेखात ४००० च्या आसपास खड्ड्यासारखी दिसते आणि ८००० ला रेघ पुन्हा वर येते. हे सुरुवातीला त्याला स्वतःला कळत नाही, कारण समोरासमोर बोलणं ठीक ऐकू येतं. गर्दीत मात्र ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटायला लागतात.

थांबायचं नाही अशा खुणा: एका कानाने अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू कमी येणं, एकाच कानात शिट्टी, नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज, किंवा सोबत चक्कर. अचानक बधिरपणात ‘मळ असेल’ म्हणून आठवडा घालवू नका, त्याच दिवशी दाखवा. स्टिरॉइडचा उपयोग लवकर सुरू केलं तरच अपेक्षित असतो, दोन आठवड्यांनंतर शक्यता फार कमी होते.

शिट्टी कायम घालवणारं सिद्ध औषध आज नाही. जिंकगो, झिंक वगैरे गोळ्यांवर पैसे घालवू नका. उपयोग होतो तो समुपदेशनाचा, विशेषतः विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या सीबीटी पद्धतीचा, आणि ऐकणं कमी झालं असेल तर श्रवणयंत्राचा. रात्री खोली अगदी शांत ठेवू नका. पंखा किंवा पावसाचा आवाज शिट्टीपेक्षा किंचित खालच्या पातळीवर लावा, शिट्टी पूर्ण झाकू नका. आणि भीतीपोटी घरात, बसमध्ये, वर्गात प्लग घालू देऊ नका. मेंदू आतला आवाज आणखी वाढवतो आणि साधे आवाजही बोचायला लागतात. प्लग फक्त मोठ्या आवाजात.

कीबोर्ड_नाशिकरोड
ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी जोड: इन-इअर मॉनिटर (स्टेजवर वादकाला वादन ऐकवणारे कानातले स्पीकर) एकाच कानात घालू नका. दुसरा कान स्टेजच्या आवाजाला उघडा पडतो आणि घातलेल्या कानात आवाज वाढवावा लागतो, दोन्ही कान जातात. नीट बसलेलं इन-इअर बाहेरचे २० च्या वर डेसिबल अडवतं, पण कमरेच्या पॅकवरचा आवाज साउंड चेकला ठरवून तिथेच ठेवला तरच. लिमिटर (ठरावीक पातळीवर आवाज रोखणारा) चालू हवा.

ताशा_पंचवटी
शेवटचं विचारतो. झांज आणि ध्वजाला ९-१० वर्षांची मुलं आहेत, त्यांना फोम बसत नाही.

कर्णतपासणी_गंगापूररोड
त्यांची नळी बारीक असते, मोठ्यांचा फोम आत जात नाही आणि अर्धा बाहेर राहतो. लहान मापाचे प्लग मिळतात, पण या वयाला कान पूर्ण झाकणारे मफ बरे, नीट लागलेत का ते लांबूनही दिसतं. पट्टी मानेमागून जाणारे घ्या, म्हणजे फेटा बांधता येतो. फेट्याची घडी मफच्या गादीखाली आली किंवा चष्म्याची काडी मधे आली तर फट पडते, तेवढं पाहून घ्या. झांजवाल्या मुलांना ताशाच्या रांगेला खेटून उभं करू नका, ध्वजाबरोबर पुढे काढा.