मदत हवी आहे: लोरा मॉड्यूल बसवलेल्या पंप नियंत्रकाच्या मान्यतेविषयी

नमस्कार. फोंड्यातील आमच्या लहानशा कार्यशाळेत आम्ही कुळागरांसाठी (सुपारी-नारळाच्या बागांसाठी) पंपाचे नियंत्रक तयार करतो आणि आता त्यात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात चालणारे तयार लोरा मॉड्यूल (कमी विजेत दूरवर संदेश पाठवणारा रेडिओ भाग) बसवत आहोत. या पट्ट्यासाठी वेगळा परवाना लागत नाही, मात्र प्रेषकाची शक्ती १ वॅटच्या आणि प्रभावी विकिरित शक्ती (अँटेनाचा परिणाम धरून बाहेर पडणारी शक्ती) ४ वॅटच्या आत ठेवावी लागते, एवढे स्पष्ट आहे. मॉड्यूलला त्याच्या आयातदाराने डब्ल्यूपीसीची (दूरसंचार विभागाच्या रेडिओ परवाना शाखेची) ईटीए, म्हणजे उपकरण-प्रकार मान्यता घेतलेली असून प्रमाणपत्राची प्रत आमच्याकडे आहे.

खरी अडचण अँटेनाची आहे. गोव्याच्या पावसात टिकावी म्हणून आम्ही स्टीलची पेटी वापरतो. तिच्या आत मॉड्यूलसोबत आलेली स्प्रिंग अँटेना निरुपयोगी ठरते, म्हणून पेटीबाहेर ५ डीबीआय गेनची (गेन म्हणजे संकेत एका दिशेने एकवटण्याची क्षमता) अँटेना केबलने जोडली आहे. अमेरिकेत मॉड्यूलची मान्यता त्याच प्रकारच्या आणि तेवढ्याच किंवा कमी गेनच्या अँटेनापुरती टिकते. आपल्याकडे अँटेना बदलल्यास नव्याने चाचणी करून दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर स्वतंत्र अर्ज करावा लागतो का, की आयातदाराचे प्रमाणपत्र तयार उपकरणालाही पुरते?

सल्लागार मंडळी शुल्क आधी सांगतात, उत्तर नंतर. त्यामुळे ज्यांनी स्वतः अशी मान्यता मिळवली आहे, त्यांनी प्रयोगशाळेने संपूर्ण उपकरण मागितले की केवळ मॉड्यूल, आणि पेटीवरील लेबलवर काय छापावे लागले, हे कृपया कळवावे.