अनुभव धागा: सुरांवर चालणारी जादू – ‘स्वीट प्रिक्युअर’ आणि तिच्यातल्या मुली

सांजधून

जादुई मुलींच्या ॲनिमेचा (जपानी ॲनिमेशन मालिकांचा) विषय निघाला की गाडी ‘सेलर मून’ या गाजलेल्या मालिकेवर सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. म्हणून हा धागा मुद्दाम एका मालिकेसाठी काढतेय. तोएई ॲनिमेशनची ‘स्वीट प्रिक्युअर’, ४८ भागांची. जपानमध्ये ६ फेब्रुवारी २०११ पासून २९ जानेवारी २०१२ पर्यंत रविवारी सकाळी लागायची. प्रिक्युअरच्या मालिकांमधली ही आठवी, आणि हिचा सगळा डोलारा संगीतावर उभा आहे.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेजर लँड हे सुरांचं राज्य. तिथली सुखाची धून मायनर लँडच्या राजाला, मेफिस्टोला, दुःखाची धून करून टाकायची आहे. त्याच्या हाती लागू नयेत म्हणून राणी ॲफ्रोडाइट स्वरलिपीतले स्वर माणसांच्या जगात उधळून देते. ते गोळा करायचं काम पडतं कानोन गावातल्या दोन शाळकरी मुलींवर, हिबिकी आणि कानादेवर. त्यासाठी दोघी रूप बदलून प्रिक्युअर, म्हणजे जादूने लढणाऱ्या मुली, होतात. सोबत हमी नावाची विसराळू मांजर. तिला आवाज दिलाय कोतोनो मित्सुइशीने, म्हणजे सेलर मूनची नायिका उसागी हिच्या आवाजानेच!

दोघींची मनं जुळली तरच त्यांची ताकद चालते, हा इथला नियम. आणि नेमक्या या दोघींचं दोन मिनिटं पटत नाही. एकेकाळच्या जिवलग मैत्रिणी. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी चेरीच्या झाडाखाली भेटायचं ठरतं, दोघी वेगवेगळ्या झाडांखाली वाट बघत राहतात आणि दोघींनाही वाटतं की दुसरीने शब्द मोडला. कारण एवढंच. पण अबोला किती लांबतो! गैरसमज कळल्यावरही लगेच सगळं गोड होत नाही, पुढच्या भागात त्या परत कशावरून तरी भांडतातच. मालिकेतली मला सगळ्यात खरी वाटलेली गोष्ट हीच. राक्षस येतात नि जातात, खरी झटापट चालते ती सूर जुळवण्याची.

तर लिहा. यातलं (किंवा याच जातकुळीच्या दुसऱ्या मालिकेतलं) कुठलं पात्र तुमच्या आयुष्यात शिरलं? नुसतं आवडलं-नावडलं नको, अनुभव हवेत. शेवट सांगायला हरकत नाही, मालिका जुनी आहे.

रियाझ_चालू

माझं पात्र हिबिकी. तिचे वडील संगीतशिक्षक, आई परदेशात राहून व्हायोलिन वाजवणारी. घरात सूरच सूर, आणि हिने पियानो सोडून दिलेला. कारण लहानपणी एका कार्यक्रमात वाजवून झाल्यावर वडील म्हणाले होते, आज तू संगीत वाजवलंच नाहीस. ते वाक्य उराशी धरून ही मुलगी खेळाच्या मैदानांवर पळत राहते. या क्लबात मदत कर, त्या क्लबात मदत कर, पण पियानोजवळ जायचं नाही.

मी पेटी शिकले ती परीक्षांपुरती. प्रारंभिक, प्रवेशिका, मग मध्यमा. अलंकार तोंडपाठ, तान पाठ, रागाची माहिती पाठ. मार्क चांगले पडले. कुणी काही वाईट बोललं नाही मला, उलट कौतुकच झालं. पण शेवटच्या परीक्षेनंतर पेटीवर जी खोळ चढली ती तशीच राहिली. नोकरी लागल्यावर, भाड्याच्या खोलीत एकटी जेवताना ही मालिका बघत होते. त्यात वडील तिला उलगडून सांगतात की तुझी बोटं चुकली नव्हती, तुला वाजवताना आनंद होत नव्हता, एवढंच मला म्हणायचं होतं. घास हातात तसाच राहिला माझ्या.

दिवाळीत घरी गेले तेव्हा खोळ काढली. भाता एका बाजूने हवा सोडत होता, मंद्र सप्तकातली एक काळी पट्टी दाबली की वर यायचं नाव घेत नव्हती. दुरुस्तीला दिली. आता परीक्षा नाही, कुणाला ऐकवायचंही नाही. जेवणं झाली की अर्धा तास वाजवते.

निशिकासाईकर

तेव्हा आम्ही तोक्योत होतो. निशिकासाईत मराठी घरं बरीच, गणपती-दिवाळी सगळं होतं, पण लेकीच्या बालवाडीतलं जग वेगळंच. रविवारी सकाळी साडेआठला तिथल्या सगळ्या मुली टीव्हीसमोर. सोमवारी शाळेत बोलायला काहीतरी हवं म्हणून आमचीही बसायची.

मालिका सुरू होऊन महिना उलटला होता आणि ११ मार्चचा भूकंप झाला. आमच्या घरात कपाटातली भांडी पडली, त्यापलीकडे काही नाही. पण नंतरचे धक्के आठवडेच्या आठवडे येत राहिले. फोनवर भूकंपाच्या इशाऱ्याचा जो आवाज वाजायचा त्याने लेक टेबलाखाली जाऊन बसायची, कधी कधी धक्का जाणवायचाही नाही तरी. त्या दिवसांत रविवारची ती अर्ध्या तासाची गाणी म्हणजे आमच्या घरातली ठरल्या वेळी होणारी एकमेव गोष्ट होती.

तिची लाडकी आको. तिसरीत शिकणारी, चष्मेवाली, फटकळ. पहिले कितीतरी भाग काळ्या झग्यात मुखवटा लावून कुणीतरी येतं, एक शब्द बोलत नाही, मदत करून निघून जातं. तो मुखवटा उतरल्यावर आत ही एवढीशी पोर निघते. मेफिस्टो तिचा बाप आहे, मूळचा मेजर लँडचा राजा, कुणीतरी त्याची बुद्धी फिरवलेली. आपल्याच बापाशी लढायचं नाही आणि त्याला सोडायचंही नाही, म्हणून ही तोंड मिटून एकटी उभी. मुखवट्याच्या भागाला लेक माझ्या मांडीवर होती. म्हणाली, “आई, ती घाबरली होती म्हणून बोलत नव्हती.” मला तोवर वाटत होतं की लेखकांनी रहस्य ताणलंय. तिने एका वाक्यात पात्र समजावून दिलं.

पिवळी_छत्री

मला मालिका आवडली, पण वरची सगळी स्तुती वाचून एक बाजू मांडावीशी वाटते. पहिल्या वीसेक भागांत भांडणं फार लांबतात. साचा ठरलेला: रुसवा, राक्षस, समेट, पुढच्या आठवड्यात पुन्हा रुसवा. आणि खलनायकांचं त्रिकूट, बासुडोरा, बॅरिटोन, फाल्सेटो. नावांत एवढं संगीत, एकत्र गातातही, पण विनोदापलीकडे त्यांना फारसं काही करायला दिलेलं नाही. फाल्सेटोला शेवटी शेवटी धार येते, बाकी दोघे वाया गेले. कानादेवरही थोडा अन्याय झालाय. कपकेकचं दुकान, मिठाईवाली व्हायचं स्वप्न, मांजरांच्या पंज्यांचं वेड, एवढ्यावर तिची बोळवण होते. हिबिकीला पियानोची जखम दिली, एलेनला (आधी मायनर लँडच्या बाजूने असलेली, पुढे प्रिक्युअर झालेली) अपराधाची, आकोला बापाची. कानादेच्या वाट्याला तेवढी खोल गोष्ट आली नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण रोज उठून कणीक भिजवावी तसं नेमाने कष्ट करणारी तीच एक आहे.

दुसरा_तानपुरा

पिवळी_छत्री, कानादेबद्दल पूर्ण सहमत. पण मी आलेय सायरनबद्दल लिहायला, म्हणजे पुढे जी एलेन आणि क्युअर बीट (हे तिचं प्रिक्युअर झाल्यावरचं नाव) होते ती.

सायरन आणि हमी या मेजर लँडमधल्या मैत्रिणी, दोघी गायिका. सुखाची धून गायचा मान आधी सायरनचा होता, मग हमीची निवड झाली. तिथून सायरन मायनर लँडला जाऊन मिळते. बहुतेकांना ती मत्सरी वाटते. माझं लक्ष मात्र हमीकडे होतं, कारण मी त्या जागेवर उभी राहिलेय.

आम्ही दोघी एकाच बाईंकडे गाणं शिकायचो. ती माझ्याआधीपासून, माझ्याहून तयारीची. एका संमेलनात बाईंनी मागे तानपुऱ्यावर तिला बसवलं आणि गायला मला. त्यांचं काय गणित होतं ते आजही मला माहीत नाही. कार्यक्रम झाला, तिने तानपुरा गवसणीत नीट भरला, गाठ मारली, आणि त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. क्लासची वेळही बदलून घेतली.

हमी काय करते? सायरन तिला फसवते, कामापुरती जवळ करते, तोंडावर सांगते की आपली मैत्री संपली. हमी ऐकते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा “सायरन!” म्हणत धावत जाते. ती भोळी आहे म्हणून नाही. सायरनचं गाणं तिने ऐकलंय आणि ते गाणारी व्यक्ती कोण आहे हे तिला पक्कं ठाऊक आहे. २१व्या भागात हमीला वाचवायला सायरन पुढे होते आणि तिची क्युअर बीट होते. मला त्याहूनही आवडले पुढचे भाग. बाजू बदलली म्हणून ती हसत हसत गटात सामील होत नाही. तिला लाज वाटते, तोंड लपवून फिरते. माफ करणारे तयार असतात, घेणारीच तयार नसते. मुलांच्या मालिकेत इतका धीर क्वचित दिसतो.

मी मागच्या वर्षी त्या मैत्रिणीला फोन केला. कारण काही नाही, एक बंदिश अर्धी आठवत होती, अंतरा तिच्याकडे असणार हे माहीत होतं. तिने फोनवरच गाऊन दाखवला.

मौनव्रती

थोडं विषय सोडून, पण जातकुळी तीच. ‘फुल मून ओ सागाशिते’, २००२-०३, ५२ भाग, आरिना तानेमुराच्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून). बारा वर्षांची मित्सुकी, गळ्यात कर्करोगाची गाठ. ऑपरेशन करावं तर आवाज जाणार, न करावं तर जीव. मृत्युदूत तिला सांगतात की एकच वर्ष उरलंय. त्यातलाच एक, ताकुतो, तिला सोळा वर्षांची गायिका बनवतो. ताकुतो स्वतः जिवंतपणी गायक होता आणि गळ्याच्या ऑपरेशनने त्याचा आवाज गेला होता.

मी शाळेत शिकवते. स्वरयंत्रावर गाठी आल्या. साध्याच, मित्सुकीसारखं काही नाही. पण डॉक्टरांनी बोलणं बंद करायला सांगितलं. घरात पाटी-पेन्सिल घेऊन फिरायचे. आपण दुकानात “अर्धा किलो तूरडाळ” म्हणू शकत नाही तेव्हा माणूस किती लहान होतो ते कळलं. त्या काळात ही मालिका पाहिली. लोक मित्सुकीसाठी रडतात, मी आजीसाठी रडले. आजीने घरात संगीताला बंदी घातलेली असते आणि सुरुवातीला ती खाष्ट वाटते. संगीतापायी तिची माणसं गेलीत. एवढं ओझं असलेल्या बाईला मालिका शेवटपर्यंत खलनायिका करत नाही.

मित्सुकीला आवाज देणारी मायको ही मुळात गायिकाच, ‘चेंजिन माय लाइफ’ या बँडची. त्यामुळे तिची गाणी अभिनयापासून तुटत नाहीत. तिच्या बोलण्यात नवखेपणा जाणवतो, मला तो पात्राला शोभतो असं वाटतं.

आरमंडी

भरतनाट्यम करते, म्हणून माझं मत ‘प्रिन्सेस टुटू’ला. २००२ची मालिका, मुख्य दिग्दर्शक जुनिची सातो. चायकोव्हस्कीच्या संगीतावर भागच्या भाग उभे आहेत. टुटू, म्हणजे बॅले नाचणारी नायिका, लढत नाही. समोरच्याला नाचायला बोलावते, हात डोक्यावर नेऊन एकमेकांभोवती फिरवते. बॅलेत ‘नाचशील का’ याची ती खूण आहे.

टुटूने प्रेम बोलून दाखवलं तर ती प्रकाशाचा ठिपका होऊन नाहीशी होणार, असा शाप. १३व्या भागात ती बोलत नाही, दोघांनी करायचा नाच एकटी करून दाखवते. समोर जोडीदार नाही, तरी हात त्याच्या खांद्याच्या उंचीवर थांबतो. आम्ही पदम (भरतनाट्यममधली अभिनयप्रधान रचना) करताना नायक समोर आहे असं मानून नजर ठेवतो. ती नजर कुठे ठरते यावर गुरू तासन् तास घेतात. त्या भागात ती नजर बरोब्बर ठरलीय.

कोमल_गंधार

मी गाणं शिकवतो. मला ‘स्वीट प्रिक्युअर’बद्दल एक तक्रार होती आणि ती मालिकेनेच बऱ्यापैकी मिटवली.

मेजर म्हणजे सुख, मायनर म्हणजे दुःख आणि दुःख म्हणजे शत्रू, ही मांडणी मला पटत नव्हती. शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार लावला की पाश्चात्त्य कानाला मायनर ऐकू येतं. आपल्याकडे मैफल संपते ती भैरवीने, रिषभ, गंधार, धैवत, निषाद सगळे कोमल. लोक त्यानंतर तृप्त होऊन घरी जातात. कोमल स्वरांच्या राज्याला खलनायकांचं राज्य करणं म्हणजे अर्ध्या संगीतावर अन्याय, असं मी मुलीला तावातावाने सांगितलं होतं.

मग शेवटाकडे नॉइज येतो. त्याला दुःखाची धूनही नको, कुठलाच आवाज नको. गाव दगड होतं, मेजर लँड दगड होतं. आणि कळतं की तो जन्मलाय माणसांच्या दुःखातूनच, त्याला स्वतःलाच हे सगळं संपवायचंय. हिबिकी त्याला मारायला नकार देते. दुःख राहणार, ते पुसायचं नाही, त्याच्यासकट वाजवायचं, असा तिचा पवित्रा. नॉइजचं पांढरं पाखरू होतं आणि ते आकोपाशी राहतं. मायनर लँडच्या नावाबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे, पण ज्यांनी हा शेवट लिहिला त्यांना कोमल स्वर कळतात.

आणि आकोचे आजोबा ओतोकिची! गावात कुणाला पत्ता नाही अशा रीतीने म्हातारा एक अजस्र ऑर्गन बांधत बसलेला असतो. एकदा नॉइजला थोपवलेलं, तो परत येणार हे माहीत असलेलं, म्हणून रोज एकेक नळी बसवतो. त्याच्यावर कुणीच लिहिलं नाही अजून.

सांजधून

ओतोकिचीबद्दल मनापासून धन्यवाद, तो राहूनच गेला होता. निशिकासाईकर, तुमच्या लेकीचं वाक्य मी मैत्रिणीला वाचून दाखवलं. व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) एकांनी विचारलंय की सात वर्षांच्या मुलाला दाखवायची तर कुठून सुरू करू. पहिल्यापासूनच करा. भांडणं लांबली तरी गाळू नका, २१व्या भागाची किंमत त्यांच्यावरच चढते. शेवटचे नॉइजचे भाग मात्र शेजारी बसून बघा, दगड झालेली माणसं लहानांना घाबरवू शकतात. एलेनच्या गिटारवर आणि संगीतकार यासुहारू ताकानाशींच्या पार्श्वसंगीतावर कुणी वाजवणारं लिहील का? मला त्यातलं तांत्रिक वाचायचंय.