फ्रीबीएसडी सोर्समधून अपग्रेड: कर्नल टाकल्यावर मधला रीबूट गाळला तर?

प्रश्न
सर्व्हर फ्रीबीएसडी (युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम) १३ वर आहे, १४ वर न्यायचाय. कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, कॉन्फिग माझी स्वतःची असल्यामुळे सोर्समधूनच बिल्ड करतो. बिल्डवर्ल्ड (वर्ल्ड म्हणजे कर्नल सोडून बाकीची मूळ सिस्टिम) आणि बिल्डकर्नल दोन्ही बिनबोभाट झाले. पण इन्स्टॉलकर्नल झाल्यावर आधी रीबूट करा, मगच इन्स्टॉलवर्ल्ड, असं सगळे सांगतात. मशीन लांब आहे, हाताशी फक्त एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन. दोन्ही एका दमात टाकून एकदाच रीबूट केलं तर काय बिघडेल?

उत्तर
चालू सिस्टिमवर तसं करू नका, कळकळीने सांगतो. नवा कर्नल जुन्या प्रोग्रामना सांभाळून घेतो, जुने सिस्टिम कॉल त्यात मुद्दाम ठेवलेले असतात. उलटं मात्र चालत नाही. नवी लिबसी (जवळपास सगळे प्रोग्राम वापरतात ती मूळ लायब्ररी) एखादा कॉल मागते, जुन्या कर्नलला तो ठाऊकच नसतो, आणि प्रोग्राम 'बॅड सिस्टिम कॉल' म्हणून तिथेच मरतो. त्यात शेल आणि एसएसएचडी (एसएसएचचं लॉगिन स्वीकारणारा प्रोग्राम) सापडले तर दुरुस्ती करायची कशाने? शिवाय तुमची कॉन्फिग १३ ची. १४ च्या कर्नलला नेटवर्क कार्ड दिसतंय का, हे त्या मधल्या रीबूटमध्येच कळतं, आणि तेव्हा जुनं वर्ल्ड शाबूत असतं.

रूट फाइलसिस्टिम झेडएफएस प्रकारची आहे का?

प्रश्नकर्ता
हो, इन्स्टॉलरने केलेली मांडणी तशीच आहे. सिंगल यूजर मोड (नेटवर्क आणि सेवा सुरू न करता फक्त कन्सोलवर चालणारी अवस्था) मात्र एसएसएचवरून जमणार नाही ना?

उत्तर
नाही जमणार. पण झेडएफएस आहे म्हणजे तुम्हाला हवा तो एकच रीबूट सुरक्षितपणे मिळू शकतो. बीईसीटीएल क्रिएट या कमांडने नवं बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमची वेगळी, बूट होऊ शकणारी प्रत) करा, ते माउंट करा आणि डेस्टडिर (कुठे इन्स्टॉल करायचं तो रस्ता) तिकडे वळवून कर्नल आणि वर्ल्ड दोन्ही त्यात टाका. चालू सिस्टिमला धक्काही लागत नाही, म्हणून क्रमाची ती भीती इथे उरत नाही. ईटीसीअपडेटलाही (ईटीसीतल्या कॉन्फिग फाइलींत नवे बदल मिसळणारी कमांड) डी पर्यायाने तोच रस्ता द्या. सोर्समध्ये टूल्स-बिल्डखाली बीइन्स्टॉल नावाची स्क्रिप्ट हेच सगळं करते, पण पहिल्यांदा हाताने करा, काय कुठे जातं ते समजतं.

यूएसआर आणि व्हार या डेटासेटना (झेडएफएसमधले वेगळे भाग) कॅनमाउंट, म्हणजे ते स्वतंत्र माउंट होऊ देणारी सेटिंग, ऑफ आहे ना, ते आधी बघा. ऑफ असेल तरच त्यांतल्या फाइली बूट एन्व्हायर्नमेंटमध्ये येतात.

मग बीईसीटीएल ॲक्टिव्हेटला टी पर्याय द्या. निवड फक्त पुढच्या एका बूटपुरती राहते. मशीन वर आलं नाही तर कुणाकडून तरी पॉवर बंद-चालू करून घ्या, जुनी सिस्टिम परत उभी राहील. आलं, तर टीशिवाय पुन्हा ॲक्टिव्हेट करायला विसरू नका.

आणखी एक उत्तर
ईटीसीअपडेटमधले कॉन्फ्लिक्ट (तुमचे आणि नवे बदल एकमेकांत अडकतात ते) घाईत सोडवू नका. एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये विलीनीकरणाची एक खूण जरी राहिली तरी एसएसएचडी सुरू होत नाही, आणि तुमचा तर तोच एक दरवाजा. रीबूटआधी नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सीएचरूट करून (त्यालाच रूट मानून) 'एसएसएचडी -टी' चालवा, ते कॉन्फिग तपासतं. सोर्समधली अपडेटिंग फाइलही वाचाच. १४ मध्ये रूटचा डीफॉल्ट शेल सीएसएचऐवजी एसएच झालाय, वापरकर्त्यांची खाती ठेवणाऱ्या मास्टर.पासवर्ड फाइलमध्ये तो बदल समोर येईल.

प्रश्नकर्ता
आणि जुन्या, आता न लागणाऱ्या फाइली काढणारं डिलीट-ओल्ड कधी?

उत्तर
नव्या सिस्टिमवर स्थिरावल्यावर. डिलीट-ओल्ड-लिब्स मात्र सगळी पॅकेजेस १४ साठी नव्याने टाकल्यावरच, नाहीतर त्यांच्या लायब्ऱ्या पायाखालून निघून जातील. झेडपूल अपग्रेड (झेडएफएसच्या पूलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या साठ्यात, नव्या सुविधा चालू करणं) तर आत्ता नकोच. बूटलोडर नवा केल्याशिवाय ते केलं तर मशीन बूटच न होण्याचा धोका असतो, आणि पूल एकदा पुढे गेला की जुन्या १३ कडे परतायची वाट बंद होऊ शकते.