एंजल माशांची अंडी दर वेळी पांढरी पडतात. २,००० रुपयांत काय करता येईल?

वडगावकर: माझ्या अडीच फुटी टाकीत एंजलची एक जोडी आहे. गेल्या दोन महिन्यांत तिने फिल्टरच्या उभ्या नळीवर चार वेळा अंडी घातली. दोन वेळा ती रातोरात नाहीशी झाली, तर दोन वेळा पांढरी पडून त्यांवर कापसासारखी बुरशी चढली. पाणी घरच्या विहिरीचे असून हीटरवर २७ अंश राहते. अंडी वेगळी काढून उबवण्याचा विचार आहे, मात्र २,००० रुपयांच्या वर एक पैसाही खर्च करता येणार नाही. कोणती टाकी आणि कोणता हीटर घ्यावा?

टिळकवाडी_चारफुटी: २,००० रुपयांत हा छंद होत नाही, हे आधीच सांगतो. मी चार फुटी टाकी, कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा) फिल्टर आणि पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र घेतल्यावरच यश आले. आज माझ्याकडे तीनशे पिल्ले आहेत आणि ती पाहायला येणाऱ्यांना चहा करून घरचे कंटाळले आहेत.

खानापूरचा_मासेवाला: हीटर घेताना जपा. मी स्वस्तातला घेतला होता. ऐन थंडीत तो बंदच होईना, आणि सकाळी पाण्यात बोट घातले तर चहासारखे गरम. दीडशे पिल्ले गेली. तेव्हापासून थर्मामीटरशिवाय मी हीटर लावत नाही.

शहापूरची_ताई: दादा, खरेदीच्या आधी दोन्ही माद्या नाहीत ना, एवढे पाहा. दोन माद्याही जोडी जमवून अंडी घालतात आणि ती सगळी पांढरी पडतात. अंडी घालण्याच्या वेळी पोटाखाली नळी दिसते. मादीची जाड आणि बोथट असते, नराची बारीक आणि टोकदार. फळलेले अंडे मधाच्या रंगाचे, पारदर्शक राहते आणि तुमच्या तापमानाला साधारण अडीच दिवसांत फुटते.

निपाणीकर: दोष विहिरीच्या पाण्याचा आहे. चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर बसत असेल, तर पाणी जड आहे आणि अशा पाण्यात अंडी कमी फळतात. छपरावरचे पावसाचे पाणी, पहिल्या दोन सरी सोडून, साठवा आणि थोडे थोडे मिसळा. ते फुकट असते.

टिळकवाडी_चारफुटी: पावसाच्या पाण्यात कौलांवरची घाण येते. मी म्हणूनच आरओ सांगितले होते.

निपाणीकर: आमच्या घरावर कौले नाहीत, पत्रे आहेत.

चिकोडी_जलचर: वीस लिटरची साधी काचेची टाकी पुरते. पाणी जोडीच्याच टाकीतले घ्या, ते फिकट निळे दिसेल इतकेच मिथिलीन ब्ल्यू (बुरशी रोखणारे औषध) घाला आणि अंड्यांच्या शेजारी, त्यांवर थेट नव्हे, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) ठेवा. अंडी फुटल्यावर साधारण पाच दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. तोवर त्यांना खायला लागत नाही. पुढे ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक जिवंत खाद्य, हवा आणि त्याची अंडी मिठाच्या पाण्यात फुटायला एक दिवस लागतो. उकडलेल्या अंड्याचा बलक देऊ नये, पाणी नासते.

खानापूरचा_मासेवाला: वीस लिटरची टाकी चालेल, पण थर्मामीटर घ्याच. आणि बलकावर माझी पिल्ले व्यवस्थित वाढली आहेत.

वडगावकर: सर्वांचे आभार. काल पुन्हा अंडी घातली. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पाहिले, एकाची नळी टोकदार आहे, म्हणजे नर आहे. मी नवी टाकी घेतलेली नाही. जोडी बिचकून अंडी खाऊ नये म्हणून काचेला तिन्ही बाजूंनी जुने वर्तमानपत्र चिकटवले, रात्रभर झिरोचा दिवा चालू ठेवला आणि अंडी जोडीकडेच राहू दिली. नर परांनी पाणी हलवतो आणि पांढरे पडलेले अंडे तोंडाने हळूच उचलतो. शेजारच्या चांगल्या अंड्याला धक्का लागत नाही. खर्च झाला तो फक्त दिव्याचा.

चिकोडी_जलचर: हा मोठा धोका आहे. भूक लागली की हीच जोडी सगळे फस्त करील.

वडगावकर: आज तिसरा दिवस. फिल्टरच्या नळीवर शेपट्या वळवळताना दिसल्या. मोजता आल्या त्या सतरा. दोनशेच्या आसपास अंडी असावीत, म्हणजे बरीच गेली. पावसाचे पाणी मात्र पुढच्या खेपेस नक्की मिसळीन. आर्टेमियाची डबी आणून ठेवली आहे.

टिळकवाडी_चारफुटी: सतराच? माझ्या पहिल्या खेपेस ऐंशी होती. जुना कॅनिस्टर विकायचा आहे, हवा असल्यास कळवावे.