समुद्राने बाहेर टाकलेलं गंजकं चाक: जपावं कसं?

ओहोटीवाला:
किनाऱ्यावर गेलो की माझी नजर शंख-शिंपल्यांच्या आधी भंगारावर पडते. बोल्ट, साखळीच्या कड्या, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली वीट. या वेळी मिळालेलं दातेरी चाक मात्र औरच आहे. एका बाजूचे दात जवळजवळ शाबूत, दुसरीकडचे पार झिजलेले. बहुतेक अर्धं चाक वाळूत रुतलेलं असणार. मधल्या भोकाशी गंज काळा, पुढे तपकिरी आणि कडेला चक्क भगवा. दोन दातांच्या बेचक्यात बार्नेकलची, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचाच्या समुद्री जिवाची, पांढरी खपली घट्ट बसलीये. घरचे म्हणतात, भंगारात दे. मी म्हणतो, मुद्दाम घडवायला बसलं तरी असं जमायचं नाही!

पण घरी आणल्यापासून त्यावर तपकिरी थेंब येतात, पापुद्रे सुटतात. घासून तेल लावू का?

बीडकाम:
दोन्ही नको. ते थेंब मिठाचे प्रताप. समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड गंजाच्या थरात खोल शिरतात, हवेतला ओलावा ओढतात आणि लोखंड आतून पुन्हा गंजत राहतं. वरून तेल लावलं तर मीठ आतच कोंडतं.

आधी चाक हातात घेऊन बघा. आकाराच्या मानाने हलकं लागतंय का? तसं असेल तर ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आणि त्यातलं लोखंड बरंचसं निघून गेलंय. मागे राहतं ते ग्रॅफाइट आणि गंज. आकार हुबेहूब, पण सुरीने कापता येईल इतकं मऊ. तारेचा ब्रश मारलात तर दात हातात येतील.

धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. काही महिने लागतात, घाई करू नका. मग पूर्ण वाळवून टॅनिक अ‍ॅसिड, त्यावर मेण. टॅनिकने गंज निळसर काळा होतो, म्हणजे तुमचा भगवा गेला. तो हवाच असेल तर नुसतं मेण लावा. आणि व्हिनेगर लावायच्या भानगडीत पडू नका, बार्नेकलची खपली विरघळेल.

सडेतोड:
शेवटी कचराच ना? कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगला १९६७ पर्यंत समुद्रात कचरा ओतायचे. आता तिथल्या गुळगुळीत काचा बघायला लोक लांबून येतात. उद्या प्लास्टिकलाही सुंदर म्हणाल.

ओहोटीवाला:
प्लास्टिकला नाही म्हणणार. ते फिकं पडतं, तुकडे होतात, संपत काही नाही. मी ते उचलून कचऱ्यातच टाकतो. काच आणि लोखंड मात्र समुद्र दळून, विरघळवून परत घेतो, आणि मला बघायचं असतं ते हे अर्ध्यावरचं काम. कचरा ओतणाऱ्यांची बाजू मी घेतच नाहीये.

चाक हलकंच लागतंय. ब्रश बाद.

बंदरकर:
एक सांगतो, बंद डबे, नळकांडी, पिंपं यांना हात लावू नका. युरोपात बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर महायुद्धातल्या बॉम्बमधला फॉस्फरस लोक अंबर (झाडाच्या डिंकाचा दगड झालेला पिवळा खडा) समजून खिशात घालतात आणि तो वाळला की पेट घेतो.

ओहोटीवाला:
बाप रे. लक्षात ठेवतो. बीडकाम, सोड्यासाठी जुनं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालेल?

बीडकाम:
नाही, सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. प्लास्टिकची बादली घ्या.