लेगो 928 : राखाडी तुकड्यांचे काय करावे?

निळे_यान
नमस्कार. फ्रांकफुर्टच्या एका जुन्या बाजारात मला लेगोचा 1979 सालचा ‘गॅलेक्सी एक्सप्लोरर’, म्हणजेच युरोपात 928 आणि अमेरिकेत 497 या क्रमांकाने विकला गेलेला अंतराळयानाचा संच, खोके व पुस्तिका नसलेला आणि इतर विटांच्या ढिगात मिसळलेला असा मिळाला. निळे तुकडे आणि पिवळ्या पारदर्शक काचा चांगल्या स्थितीत आहेत. पंखांच्या राखाडी प्लेटांपैकी (पातळ, चपट्या तुकड्यांपैकी) काही मात्र पिवळट पडल्या आहेत, काही मुळी नाहीतच, आणि दोन अंतराळवीरांच्या हेल्मेटांची हनुवटीजवळची पट्टी तुटलेली आहे. मूळ 338 तुकड्यांपैकी काय उणे आहे हे कसे शोधावे, राखाडी तुकडे नवे घेतल्यास चालतील का, आणि पिवळेपणा घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे का, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दोन_बाय_चार
सर्वांत आधी राखाडीविषयी, कारण हा संच बिघडतो तो तिथेच. लेगोने 2004 च्या सुमारास आपल्या दोन्ही राखाडी छटा बदलल्या. जुनी छटा किंचित उबदार होती, तर नवीत निळसर झाक आहे. आजच्या संचातली प्लेट आपल्या पंखात बसेल अगदी घट्ट, कारण 1958 च्या पेटंटपासून विटांची जोडणी बदललेली नाही, पण दिव्याखाली धरताच ती परकी दिसेल. म्हणून ब्रिकलिंकवर, म्हणजे लेगोचे सुटे तुकडे विकणाऱ्या संकेतस्थळावर, शोधताना केवळ तुकड्याचा क्रमांक पाहू नये, रंगाचे नावही तपासावे: ‘लाइट ग्रे’ म्हणजे जुनी छटा आणि ‘लाइट ब्लूइश ग्रे’ म्हणजे नवी. तुकड्यांची संपूर्ण यादीही तिथेच मिळते. ढीग निवडताना विटेवरच्या गोल गुंडीवर लेगोचे नाव कोरलेले आहे का हे पाहिलेत, तर इतर कंपन्यांच्या विटा लगेच बाजूला पडतील.

पेरॉक्साइडने पिवळेपणा उतरतो, हे खरे. उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली परिणाम लवकर दिसतो. मात्र छापील तुकड्यांना ते लावू नये. अंतराळवीरांच्या छातीवरचे सोनेरी चिन्ह एकदा गेले, की परत येत नाही.

जुनी_पुस्तिका
लेगोच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील पुस्तिका साधारणपणे 1996 पासूनच्या आहेत, त्यामुळे या संचाची स्कॅन केलेली प्रत संग्राहकांच्या संकेतस्थळांवर शोधावी लागेल. तीत आजच्यासारखी प्रत्येक पायरीला लागणाऱ्या तुकड्यांची चौकट नसते आणि एका चित्रात बरेच तुकडे एकदम वाढलेले असतात, म्हणून मागचे चित्र शेजारी ठेवून प्रत्येक कोपरा ताडून पाहावा. राखाडी प्लेटेवर राखाडी प्लेट बसते, तिथे हमखास चूक होते. जोडण्यापूर्वी तुकडे कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवावेत. पाणी 40 अंशांपेक्षा गरम नसावे. धुण्याच्या यंत्रात घालण्याचा सल्ला मिळेल, तो मानू नये.

निळे_यान
मनःपूर्वक आभार. जुन्या छटेच्या प्लेटा शोधतो. हेल्मेटांबाबत अजून निर्णय होत नाही.

वर्षानुवर्षे
पेरॉक्साइडबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. पिवळेपणा हा केवळ वरचा मळ नव्हे. प्रकाश आणि हवेमुळे विटांच्या एबीएस नावाच्या प्लॅस्टिकमध्येच झालेला तो बदल आहे, आणि उजळलेले तुकडे काही काळाने पुन्हा पिवळे पडताना दिसतात. शिवाय प्रमाण चुकले, तर रंगीत तुकड्यांवर, विशेषतः निळ्यांवर, पांढुरके डाग उमटतात. पिवळट प्लेटा पंखाच्या खालच्या थरात आणि स्वच्छ प्लेटा वर, एवढे केले तरी पुष्कळ. जोडलेले यान खिडकीपासून दूर ठेवावे.

हेल्मेटांचे म्हणाल तर त्या काळातील पट्टी बारीकच होती आणि ती अनेक संचांत तुटलेली आढळते. पुढे कंपनीने ती जाड केली. जाड पट्टीची, त्याच लाल व पांढऱ्या रंगांतली हेल्मेटे घ्यावीत. काटेकोर संग्राहकाला ती खटकतील. पण ज्याला यान हाताळायचे आहे, मागची दारे उघडून आतले वाहन बाहेर काढायचे आहे, त्याने बारीक पट्टीच्या मूळ हेल्मेटांवर जास्त पैसे घालवू नयेत.