एम-थ्रीची केटी आणि अहमदाबादचं स्वप्न: भाच्याला काय सांगू?

चिंचवडचा मामा

धागा काढायला कारण की, बहिणीच्या घरी गेला महिनाभर धुसफूस चालू आहे. भाचा मुंबई विद्यापीठाचा मेकॅनिकल इंजिनिअर. 2019 ला बारावी, 78 टक्के. दहावीला 91. डिग्रीला मात्र दहापैकी 6.2 पॉइंटर, त्यात एम-थ्रीची (तिसऱ्या सेमिस्टरचं गणित) केटी, म्हणजे विषय राहिला, तोही दुसऱ्या खेपेला सुटला. गेल्या कॅटला (आयआयएमची एमबीए प्रवेश परीक्षा) 99.1 पर्सेंटाइल आले तेव्हा आम्ही पेढे वाटले. पुढे आयआयएम अहमदाबाद नाही, बंगळुरू नाही, मुलाखतीचा कॉलच नाही. आता हिंजवडीतली दोन वर्षांची नोकरी सोडून घरी बसून पुन्हा कॅट करतो म्हणतोय.

माझं मत: सोडू नये. अहमदाबाद आणि बंगळुरू मुलाखतीला बोलावण्याआधीच दहावी, बारावी आणि पदवीचे गुण हिशेबात धरतात. सगळं त्यांच्या संकेतस्थळावर आधीच छापलेलं असतं, कोणी फसवत नाही. पठ्ठ्या 99.1 चे 99.7 करेलही, पण 6.2 चे 6.3 या जन्मी होणार नाहीत. त्यापेक्षा अजून दोन-तीन वर्षं नीट काम करावं, जीमॅट (एमबीएची आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षा) द्यावी आणि आयएसबीला (हैदराबादची बिझनेस स्कूल) किंवा अहमदाबादच्याच पीजीपीएक्सला, म्हणजे नोकरीचा अनुभव असलेल्यांच्या एक वर्षाच्या एमबीएला, अर्ज टाकावा. अनुभव जसा साठतो तसा कॉलेजचा पॉइंटर मागे पडतो.

पटत नसेल तर हाणा.

टपरीवरचा

हाणतोच. मामा, घराच्या अंगणात विहीर आहे आणि तुम्ही पोराला तीन वर्षं टँकरची वाट बघायला सांगताय. मुंबईचं जमनालाल बजाज, एमबीएसाठी! राज्याची एमबीएची सीईटी द्यायची, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत नाव टाकायचं. मुलाखत नाही, निबंध नाही, चुकलेल्या उत्तराला गुणही कापत नाहीत. पदवीला 50 टक्के असले की झालं, पुढे मेरिट लागतं ते सीईटीच्या स्कोअरवर. 99.1 वाल्याने अजून थोडा वेग वाढवला की चर्चगेटला उतरायचं. नोकरी सोडायची गरज नाही, यावर मात्र सहमत.

रेवा_ठाणे

टपरीवाले, अर्धंच सांगितलंत. मी अशाच एका कॉलेजातून बाहेर पडले आहे (नाव नको). प्रवेशाच्या दारात पॉइंटर कोणी विचारला नाही, प्लेसमेंटच्या दारात विचारला. कन्सल्टिंगवाले सीव्ही चाळतात तेव्हा आमच्याकडे एकच शब्द होता, नाइन-नाइन-नाइन. दहावी, बारावी, डिग्री तिन्हीकडे नव्वदीच्या घरात. माझे 61 टक्के होते, पहिल्या दिवशीच्या एकाही कंपनीच्या यादीत नाव आलं नाही. नंतर सेल्समध्ये चांगलं झालं, रडगाणं नाही. पण दार चुकवलं म्हणजे पॉइंटर चुकला असं नाही, तो आत येऊन बसलेला असतो.

निवृत्त मास्तर

आधी एक दुरुस्ती. 6.2 म्हणजे 62 टक्के असं भाच्याने कुठे लिहिलं नाही ना? मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत 7 च्या खालच्या पॉइंटरला 7.1 ने गुणून 12 मिळवतात. म्हणजे 56.02. दरवर्षी पोरं थेट दहाने गुणतात आणि कागदपत्रांच्या तपासणीत तोंडघशी पडतात. आयआयएमची 50 ची अट तरीही पार होते, तेव्हा खोटं लिहिण्यात फायदाही नाही.

आता मुद्द्यावर. मला या संस्थांचं काही चुकतं असं वाटत नाही. कॅट दोन तासांची. आठ सेमिस्टर म्हणजे चार वर्षं. दोन तास डोकं चालणं आणि चार वर्षं रोज उठून कंटाळवाणं काम करणं यांत दुसरं अवघड आहे. त्याला भार दिला तर ओरड कशाला?

चिकूपाला

मास्तर, आदर ठेवून असहमत. भार द्या, पण वजनकाटा तरी एक ठेवा. भाच्याने 2019 ला पेपर लिहून 78 काढले. 2021 ला राज्यात बारावीची लेखी परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला 99.63 टक्के, आदल्या वर्षी तो 90.66 होता. ती पोरं आता डिग्री संपवून याच रांगेत उभी आहेत. त्यांचे 92 आणि याचे 78 एका तागडीत?

रेवा_ठाणे

चिकूपाला, तोच हिशेब पुढे न्या की. 2019 ला बारावी, म्हणजे एम-थ्री 2020 च्या शेवटी. घरी बसून, ऑनलाइन, पर्याय निवडायचे. तिथे केटी लागली? मामा, खरं सांगा, काय झालं होतं? घरात आजारपण वगैरे?

चिंचवडचा मामा

पकडलंत. आजारपण नव्हतं, देवदयेने. मोबाइलवर गेम. रात्रभर. पबजीवर बंदी आली तर दुसरं काहीतरी शोधलंन. शेवटच्या दोन सेमिस्टरना मात्र 8 च्या वर आहे, हे मी मघाशी लिहायला विसरलो.

टपरीवरचा

विसरलात?? अहो, अख्ख्या धाग्यात कामाचं तेवढंच आहे.

पिंपळपार (न्यू जर्सी)

मी इथे एमबीए केलं, माझाही पॉइंटर असाच. इकडच्या अर्जात बहुतेक ठिकाणी एक ऐच्छिक निबंध असतो, तो अशांसाठीच. हार्वर्डच्या वर्गाचा सरासरी जीपीए (तिकडचा पॉइंटर) 4 पैकी 3.7 च्या आसपास असतो, तेव्हा कमी गुणांबद्दल गप्प बसणं परवडत नाही. पण त्यात कारण रचायचं नाही. चार-पाच ओळी पुरतात: तेव्हा अभ्यास केला नाही, चूक माझी, शेवटच्या दोन सेमिस्टरमध्ये हे केलं, त्यानंतर गणिताचा अमुक कोर्स करून हे गुण मिळवले. मी नोकरी करताना स्टॅटिस्टिक्सचा ऑनलाइन कोर्स केला होता, मुलाखतीत त्यावरच प्रश्न आले. आजी वारल्याचं लिहिणारे इतके असतात की वाचणाऱ्यांना आता सगळ्या आज्या ओळखू येत असतील.

मामांचा "थांबा" हा सल्ला मला मान्य आहे, पण नुसतं थांबून गुण हलके होत नाहीत. या तीन वर्षांत आकड्यांशी झटापट केल्याचा काहीतरी पुरावा लागतो. हिंजवडीत प्रोजेक्टविना बेंचवर बसून पीपीटी केल्या तर 28 व्या वर्षीही 6.2 तेवढाच जड राहील.

निवृत्त मास्तर

याला मात्र अनुमोदन. 8 कसे आले ते मुलाला सांगता आलं पाहिजे, 6.2 का आले ते नव्हे.

चिकूपाला

आणि पैसे? आयएसबी, परदेश सगळं कर्जावर. 29 व्या वर्षी कर्ज घेऊन शिकायला जाणाऱ्या मुलाचं लग्न ठरवताना याच मामांची दमछाक होणार आहे. बजाजची फी त्यामानाने किरकोळ. माझं मत टपरीला.

(अवांतर: "शोधलंन" वाचून कोकणातली आजी आठवली. मामा मूळचे गुहागरकडचे का?)

चिंचवडचा मामा

दापोली.

काल रात्री भाच्याला हा धागा वाचायला दिला. आधी गेमचं चारचौघांत सांगितलं म्हणून भडकला. मग म्हणाला, नोकरी सोडत नाही, कॅट आणि सीईटी दोन्ही देतो, जीमॅटचं पुढच्या वर्षी बघू. म्हणजे माझं कोणी ऐकलेलं नाही. कॅटच्या फॉर्ममध्ये मात्र त्याने 62 च टाकले होते. मास्तर, बसून 56.02 केले.